खुकरी आणि एकच पंखा

"पाणबुडी शोधायलाच बांधलेलं जहाज पाणबुडीलाच सापडलं, म्हणजे गलथानपणाच," असं आयएनएस खुकरीवरच्या चर्चेत एकांनी लिहिलंय. पटलं नाही. १९७१ च्या भारत-पाक युद्धात, ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ बुडालेली भारतीय नौदलाची खुकरी ही ब्लॅकवुड वर्गातली फ्रिगेट, म्हणजे लहान युद्धनौका. ब्रिटनने हा वर्ग मुद्दाम स्वस्तात, भराभर बांधता यावा म्हणून आखला होता. वाफेवर चालणारी यंत्रं आणि पंखा, म्हणजे जहाज पुढे ढकलणारा प्रोपेलर, एकच. समोर होती फ्रेंच बनावटीची, जेमतेम दोन वर्षं सेवेत असलेली पाकिस्तानी पाणबुडी हंगोर; तिचं सोनार, म्हणजे पाण्यातल्या आवाजावरून वेध घेणारं यंत्र, खुकरीपेक्षा लांबचं ऐकायचं. त्यात सोनारच्या चाचणीसाठी खुकरीने वेग कमी ठेवला होता. हा निर्णय योग्य की अयोग्य यावर खुशाल भांडा, पण गलथानपणा म्हणजे फारच झालं.

चर्चेत सगळे खुकरीचे प्रमुख कॅप्टन मुल्ला यांच्यावरच बोलतायत, ते ठीकच. पण गेले ते १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक. खडकीला राहणारे माझे मामा लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजी या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रात शिकलेले स्टोकर, म्हणजे बॉयलर सांभाळणारे; नोकरी याच वर्गाच्या दुसऱ्या जहाजावर. ते सांगायचे, बॉयलर रूममध्ये गळ्यात ओला टॉवेल, आणि वर यायला उभी लोखंडी शिडी, एका वेळी एकच माणूस चढणार. जहाज काही मिनिटांत गेलं, तेव्हा खालच्या पाळीतल्यांना कितीसा वाव मिळाला असेल? मामा हे मात्र कधी स्वतःहून काढत नसत, विचारावं लागायचं.