भारताचं ऊर्जा-परावलंबन: टनांच्या बेरजेत ३३ टक्के, बातमीत ८८ टक्के. चूक कुठे? (दशांश, उष्मांक, तेलतवंग आणि राखेरी ही चर्चेतल्यांची टोपणनावं.)

दशांश
२०२३-२४ चे आकडे घेऊन बसलोय. कोळसा देशी ९९८ दशलक्ष टन, आयात २६४. कच्चं तेल देशी २९, आयात २३४. आयात ४९८, एकूण १,५२५, म्हणजे परावलंबन ३३ टक्के. बातम्यांत ८८ टक्के असतं, काही ठिकाणी ४५, तर कुठे चाळिशीच्या आत.

दुसरा घोळ कार्बनचा. कोळसा १,२६२ दशलक्ष टन, टनाला २.४ टन कार्बन डायऑक्साइड धरला तर ३,०२९. त्यात वीज, युनिटला ०.७ किलो, मिळवली तर आकडा हाताबाहेर जातो. भारताने संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या अहवालात २०२० चं सगळं उत्सर्जन मिळून २,९५९ आहे.

आणि वीजनिर्मितीची स्थापित क्षमता जून २०२५ मध्ये निम्मी बिगर-जीवाश्म (सौर, पवन, जल, अणू वगैरे) झाली, मग कोळसा हटत का नाही?

उष्मांक
टनात टन मिळवलात तिथेच गाडी घसरली. कोळशाचा टन आणि तेलाचा टन यांची उष्णता सारखी नसते. आधी सगळं 'तेल-समतुल्य टना'त आणा: १ समतुल्य टन म्हणजे १ कोटी किलोकॅलरी, ४१.८७ गिगाज्यूल.

आपला वीजकेंद्रांचा कोळसा किलोला सरासरी ३,८०० किलोकॅलरीच्या आसपास धरा, म्हणजे टनाला ०.३८. आयातीतला औष्णिक (वीजकेंद्रांत जाळायचा) कोळसा साधारण ०.५, कोकिंग (पोलादभट्टीचा) कोळसा ०.६७. कच्चं तेल १.०२. नैसर्गिक वायू १ अब्ज घनमीटरला ०.९ दशलक्ष.

देशी: कोळसा ३७९, तेल ३०, वायू (३६ अब्ज घनमीटर) ३२. बेरीज ४४१.
आयात: औष्णिक कोळसा (२०५) १०२, कोकिंग (६०) ४०, तेल २३९, एलएनजी म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायू (३१ अब्ज घनमीटर) २८. बेरीज ४०९. यातून पेट्रोलियम पदार्थांची निव्वळ निर्यात, सुमारे १४, वजा करा. राहिले ३९५.

त्यात जलविद्युत, सौर, पवन आणि अणू मिळून साधारण ४३ देशी बाजूला टाका. एकूण ८८० च्या घरात, आयात ४५ टक्के. आकडे गोळाबेरीज आहेत, एक-दोन टक्के इकडेतिकडे चालेल.

चाळिशीच्या आतला आकडा दिसतो तिथे छेदात लाकूडफाटा, शेणी, बगॅस (उसाची चिपाडं) धरलेलं असतं. चूल पेटली की छेद वाढतो आणि परावलंबन कागदावर उतरतं. दोन तक्ते शेजारी ठेवण्याआधी चूल धरलीय का ते बघा. अणुवीजही तपासा: ती ३३ टक्के कार्यक्षमतेने मागे मोजतात, म्हणजे एका युनिटमागे तीन युनिटची उष्णता. सौर आणि पवन मात्र जेवढ्यास तेवढी. त्यामुळे तेवढ्याच विजेसाठी तक्त्यात अणूचा वाटा सौर-पवनच्या तिप्पट दिसतो.

तेलतवंग
८८ टक्के फक्त तेलाचे, तेही वापराच्या तुलनेत. देशी कच्च्या तेलातून निघालेले पदार्थ भागिले देशातला खप, १०० मधून वजा. आपण कच्चं तेल आणून शुद्ध करतो आणि डिझेल-पेट्रोल बाहेर विकतो. कच्च्या तेलाची सगळी आयात खपाने भागली, तर २३४ भागिले २३३ म्हणजे शंभराच्या वर जाल. जामनगरसारख्या निर्यातीच्या शुद्धीकरण कारखान्यामुळे ही चूक फार होते.

टक्केवारीपेक्षा सरकारचा आणीबाणीसाठीचा तेलसाठा बघा. विशाखापट्टणम १.३३, मंगळूर १.५, पादूर २.५, एकूण ५.३३ दशलक्ष टनांच्या भूमिगत गुहा. आयात दिवसाला ०.६४ दशलक्ष टन. गुहा काठोकाठ भरल्या तरी सव्वाआठ दिवस. कंपन्यांच्या टाक्यांतला साठा वेगळा. आणि स्वयंपाकाचा गॅस तर सुमारे ६० टक्के बाहेरचा, बहुतेक आखातातून येणारा. त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

राखेरी
कार्बनमध्ये तीन चुका आहेत.

पहिली, २.४ हा गुणक ६,००० किलोकॅलरीच्या आसपासच्या कोळशाचा. आपला ३,८०० म्हणजे १५.९ गिगाज्यूल, निव्वळ उष्मांक (धुरातल्या वाफेबरोबर जाणारी उष्णता सोडून उरलेला) काढायला ५ टक्के कमी केले की १५.१. गुणिले गिगाज्यूलमागे ९६ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे टनाला १.४५ टन. निव्वळ उष्मांकाचा गुणक सकल उष्मांकाला लावला की हिशेब ५ टक्क्यांनी फुगतो, ही खोड जुनी आहे. ९९८ × १.४५ = १,४४७. आयात औष्णिक टनाला १.९ ने ३९०, कोकिंग २.६७ ने १६०. कोळसा मिळून दोन हजारांच्या आसपास, साठ्यात पडून राहिलेला वजा केला की आणखी थोडा खाली.

दुसरी, वीज दोनदा मोजलीत. ०.७ किलो हा त्याच कोळशाचा धूर आहे. राष्ट्रीय हिशेबात इंधन मोजायचं, कारखान्याच्या किंवा घराच्या हिशेबात युनिट.

तिसरी, तुलनेची. २,९५९ मध्ये शेतीचा मिथेन, सिमेंट, कचरा सगळं कार्बन डायऑक्साइडच्या समतुल्य करून धरलंय, जंगलाने शोषलेलं वजा न करता (केलं तर २,४३७). शिवाय २०२० टाळेबंदीचं वर्ष. तेलात डांबर आणि नाफ्था (रसायन कारखान्यांचा कच्चा माल) वेगळे काढा, ते सगळे जळत नाहीत. डिझेलला टनाला ३.१९ टन, लिटरला २.६८ किलो.

दशांश
धन्यवाद, कोळशाचा आकडा आता जमतोय. ३,८०० कुठून घ्यायचा पण? खाणीच्या श्रेणीवरून?

राखेरी
शक्यतो नको. जी-११ ही श्रेणी म्हणजे किलोला ४,००० ते ४,३०० किलोकॅलरी असं कागदावर, पण वाघिणीतून उतरताना पावसाचं पाणी आणि दगड धरून तो खालच्या श्रेणीत घसरलेला असतो. 'प्राप्त स्थितीतला' उष्मांक घ्या, खाणीवरचा नको. ५०० मेगावॉटचा संच पूर्ण भारावर युनिटला ०.६५ किलो खातो, तासाला सव्वातीनशे टन. ५९ वाघिणींचा रेक, सुमारे ४ हजार टन, बारा तासांत संपतो. पैकी दीड हजार टनांच्या आसपास राख निघते. उष्मांक २०० ने चुकलात तर रेकच कमी पडतो.

उष्मांक
क्षमतेचं राहिलं. १ मेगावॉट सौर वर्षाला १६ लाख युनिट देतं, ६९ टक्के भाराने चाललेला कोळशाचा १ मेगावॉट ६० लाख. म्हणून क्षमतेत निम्मा वाटा असूनही २०२४-२५ च्या विजेत बिगर-जीवाश्म सुमारे पावभागच. शिवाय संध्याकाळी सातला सौर शून्यावर, दिवे-पंखे सुरू. तेव्हा कोळसा लागतोच, आणि दुपारी तोच संच ५५ टक्क्यांपर्यंत खाली आणावा लागतो. तिथे युनिटमागे कोळसा जास्त जळतो, म्हणजे वरचे ०.६५ दुपारच्या तासांना लावू नका.