मदत हवी आहे: ऑस्ट्रेलियाचं इंग्रजी साहित्य 'ऑस्ट्रेलियन' कधी झालं?

मंडळी, एम.ए.च्या सेमिनारसाठी हा विषय घेतलाय आणि एका ठिकाणी गाडी अडलीय.

१७८८ मध्ये कैद्यांची जहाजं सिडनीला लागली. सुरुवातीचं लिखाण म्हणजे रोजनिश्या, पत्रं, वर्णनं. बहुतेक इंग्लंडच्या वाचकांसाठी. मग १८८० मध्ये सिडनीत 'बुलेटिन' साप्ताहिक निघालं आणि नूर पालटला. त्यात आलेली हेन्री लॉसन यांची १८९२ ची 'द ड्रोव्हर्स वाइफ' ही कथा वाचलीच असेल. नवरा मेंढरं घेऊन लांब गेलेला, घराखाली साप शिरलेला, चार पोरांना निजवून बाई रात्रभर जागी, सोबतीला ॲलिगेटर नावाचा कुत्रा. यात लंडन कुठे शोधूनही सापडत नाही! त्याच वर्षी लॉसन आणि बँजो पॅटरसन याच साप्ताहिकात, तेही कवितेतून, भांडत होते: रानातलं जगणं रम्य की भकास? (माझं मत लॉसनच्या पारड्यात.)

आता अडचण. श्रेय 'बुलेटिन'ला द्यायचं, की सक्तीच्या शिक्षणामुळे वाढलेल्या वाचकांना? तिथल्या व्हिक्टोरिया वसाहतीत तसा कायदा १८७२ मध्येच झाला होता. १९०१ मध्ये वसाहती एकत्र येऊन झालेल्या संघराज्याला मात्र मी फार महत्त्व देत नाही. कथा-कविता त्याच्या आधीच रुजल्या होत्या.

शिवाय, या 'राष्ट्रीय' साहित्यात मूळनिवासी कुठे बसवायचे? मूळनिवासी कवयित्री उद्जरू नूनुकल यांचा पहिला कवितासंग्रह थेट १९६४ चा.

कुणी हा पेपर शिकवला असेल तर कृपया सांगा, मांडणी कुठून सुरू करू? लॉसनच्या कथांचा मराठी अनुवाद पाहण्यात असेल तर तेही कळवा.