‘कौतिकाचं नाव’ म्हणजे स्तुती की टोमणा?

सातारची_सून
माझं माहेर सातारा, सासर दर्यापूर तालुक्यातलं. तीन वर्षांत ‘काहून’ पचलं, ‘कायले’ पचलं, पण गेल्या महिन्यात लेकीच्या बारशाला एका शब्दावर अडले ती अडलेच आहे.

नाव मृण्मयी ठेवलं. कानात कुर्र झालं, नणंदेच्या पाठीत धपाटे बसले, घुगऱ्या वाटून झाल्या. ह्यांच्या थोरल्या आत्याबाई पाळण्याची दोरी धरून बसल्या होत्या. त्यांनी नाव दोनदा विचारून घेतलं, तोंडातल्या तोंडात घोळवलं, “मुरनमई... मुरनमई...” आणि मग ओसरीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “नाव मोठं कौतिकाचं हाय वं बाई. पन हाक मारून होईस्तोवर ढोर पऱ्हाटीत घुसन.” सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. कुणीतरी अर्थ विचारला, मी सांगितलं, मातीची. त्यावर लगेच, “मातीची? मंग आमी काय सोन्याचे आहो?”

ढोराचं मला कळलं, सोन्याचंही कळलं. अडलंय ते पहिल्या वाक्यावर. हे म्हणतात, कौतिकाचं म्हणजे कौतुक केलं, विषय संपला. आई फोनवर म्हणाली, टोमणा आहे, तू बावळट. आमच्याकडे ‘कौतुकाची नात’ म्हणजे लाडाची नात, त्यात खोच नसते. तर वऱ्हाडीत ‘कौतिक’ नक्की काय? आणि अशा उलट्या हाताच्या स्तुतीला मराठीत एकच नेमका शब्द आहे का?

अनुस्वार
दुसरा प्रश्न सोपा. व्याजस्तुती. व्याज म्हणजे निमित्त, मिष. स्तुतीच्या मिषाने निंदा किंवा निंदेच्या मिषाने स्तुती, दोन्ही त्यात येतात. शाळेत अलंकार शिकवतात तेव्हा मुलं झोपलेली असतात, म्हणून पुढे असे प्रश्न पडतात.

जाता जाता: नाव ‘मृन्मयी’ हवं. मृद् + मय, द् चा न् होतो. तो न पदाच्या शेवटी असल्याने त्याचा ण होण्याचं कारण नाही. ‘मृण्मयी’ रूढ आहे, रूढ म्हणजे शुद्ध नव्हे.

वऱ्हाडी_ठसका
म्हंजे आत्याबाई ‘मुरनमई’ म्हनल्या तेच शुद्ध निंगालं! आमी वऱ्हाडातले सगय्याच ‘ण’चा ‘न’ करतो, पानी, लोनी, कोन, आन आजवर मास्तरचा मार खाल्ला. अनुस्वारभाऊ, तुमचा फोटो पाठवा, घरात लावतो.

अनुस्वार
फोटोची गरज नाही. शब्दापुरतं मात्र खरं आहे. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातही ‘मृन्मयं गृहम्’ असंच आहे. ऋषी वरुणाला विनवतो, मला मातीच्या घरात जायला लावू नकोस.

सातारची_सून
मातीचं घर म्हणजे?

अनुस्वार
थडगं, असं बहुतेक भाष्यकार घेतात. पण शब्द फार प्राचीन आणि सुंदर आहे.

पळसाचं_पान
घ्या. ताई, आत्याबाई परवडल्या.

निवृत्त_हेडमास्तर
व्याजस्तुती हा अलंकार झाला, कवीचा. बारशात पाळण्याशेजारी बसून कोणी अलंकार वापरत नाही. आपल्याकडे सरळ शब्द आहे, शालजोडीतला. जोडा मारायचा, पण शालीत गुंडाळून. लागतो तेवढाच, आवाज होत नाही. “आत्याबाईंनी शालजोडीतला दिला” म्हटलं की झालं, शब्दकोश उघडायलाच नको.

वऱ्हाडी_ठसका
मास्तर, मे महिन्यात अकोल्यात शाल कोन पांघरते? आमच्याइकडे दुपट्ट्यातला म्हना. आन आत्याबाईच्या बोलन्यात गुंडायलेलं काईच नवतं. ढोर, पऱ्हाटी, सगळं उघडं. शालजोडीतला तो पुन्याचा: “वेगळं आहे हं नाव.” ते ‘हं’ म्हंजे जोडा.

कोथरूडकर
‘वेगळं आहे’ मध्ये काय वाईट आहे?

पळसाचं_पान
बघा, त्यांना अजूनही कळलं नाही.

निवृत्त_हेडमास्तर
खवचट, तिरकस, कोपरखळी, चिमटा, टोला. शब्दांची वाण नाही, पण प्रत्येकाची जागा वेगळी. कोपरखळी मित्राला, चिमटा धाकट्याला, टोला बरोबरीच्याला. नव्या सुनेला थोरलीने सगळ्यांदेखत दिलेलं जे असतं, ते टोमणाच. आणि टोमणा स्तुतीच्या रूपातच यायला हवा असं कुठे आहे?

सावंगीची_लेक
मूळ शब्दावर या ना कुणीतरी. आमच्या आजीच्या तोंडी (वर्धा जिल्हा) ‘कौतिक’ दोन तऱ्हेने यायचं. मला नोकरीची ऑर्डर आली तेव्हा तिने कागद उलटा धरून बघितला आणि डोळ्याला पदर लावून म्हणाली, “कौतिक झालं माय.” ते खरं. पण मामीनं पोळ्यांसाठी मशीन आणलं तेव्हा, “कौतिकाची सून आली, पोया यंत्र करते,” तेही कौतिकच. शब्द तोच, फरक पदराचा.

वऱ्हाडी_ठसका
मले तर लहानपनी “कौतिकं बंद कर” असं मार खातानाच आयकू यायचं. कौतिकं म्हंजे नखरे. अनेकवचन झालं का शब्द बिघडला समजा.

हिंदीवाला_नागपूर
यात गुपित नाही. हिंदीत कौतुक म्हणजे तमाशा, अचंबा. आपण हिंदी मुलखाबरोबर मध्य प्रांतात होतो, राजधानी नागपूर. तिथून अर्थ झिरपला. म्हणून विदर्भातलं कौतिक थोडं तमाशाकडे झुकतं आणि साताऱ्याचं लाडाकडे.

वऱ्हाडी_ठसका
दर्यापूर वऱ्हाडात येते भाऊ, नागपुरात नाई. वऱ्हाड निजामाचं. १८५३ ले इंग्रजायनं कारभार घेतला आन मध्य प्रांताले जोडलं १९०३ ले. मंग आत्याबाईच्या आजीले हिंदी कोनं शिकवली?

हिंदीवाला_नागपूर
१९०३ पासून १९५६ पर्यंत त्रेपन्न वर्षं होतात. एक शब्द झिरपायला किती लागतात?

अनुस्वार
दोघेही चुकताय. हिंदीकडून घ्यायची गरजच नव्हती. संस्कृतातच कौतुक म्हणजे आधी कुतूहल, नवल. कुतुक आणि कुतूहल त्याचे भाऊबंद. लग्नात मनगटाला बांधतात त्या दोऱ्यालाही कौतुक म्हणत. लाड, शाबासकी हा अर्थ नंतरचा आणि आपला. म्हणजे आत्याबाई ‘नवलाचं नाव’ म्हणाल्या असतील तर त्या जुन्या अर्थाला धरून आहेत, सातारा बिघडलेला आहे.

सातारची_सून
सातारा बिघडलेला नाही हो.

निवृत्त_हेडमास्तर
ज्ञानेश्वरीतच बघा की. सहावा अध्याय, ‘माझा मऱ्हाटाचि बोलु कौतुकें’. सगळे ते मराठीचं कौतुक म्हणून भाषणात ठोकतात. तिथे ‘कौतुकें’ म्हणजे लीलेने, सहज. माझा बोल मराठी आहे खरा, पण सहज अमृताशी पैज जिंकेल. शाबासकीचा संबंध नाही.

कोथरूडकर
हे आपलं मत झालं. ‘कौतुकाने’ असाही अर्थ घेतात. आणि मराठी भाषा दिनाच्या दिवशी तरी तो घेऊ द्या.

निवृत्त_हेडमास्तर
घ्या. आम्ही कुठे हात धरला? पण ओवी निदान नीट म्हणा. ‘माझ्या मराठीचे बोल कौतुके’ अशी ओवी नाही.

पळसाचं_पान
माझ्या आजोबांच्या गावात दोन कौतिकराव होते. एक मोठे कौतिकराव, एक मारुतीच्या पारावरचे कौतिकराव. पाराजवळच्यांच्या आईला पाच मुलींनंतर मुलगा झाला, म्हणून कौतिक. म्हणजे बघा, कौतिक हे स्वतःच नाव आहे! ते ठेवताना कोणी टोमणा म्हणून ठेवेल का? आत्याबाईंच्या कानात कदाचित तेच असेल.

वऱ्हाडी_ठसका
पाच पोरीनंतर झालेला म्हनून कौतिक. त्या पाच पोरीच्या टायमाले कोनाले कौतिक नाई वाटलं, हे बी त्याच नावात लिवलेलं हाय.

सावंगीची_लेक
हे खरं बोललास भाऊ.

आणि जुनी नावं घेतलीच आहेत तर उकंडा, कचरू, धोंडू यांनाही घ्या. लेकरं जगावी, दृष्ट लागू नये म्हणून मुद्दाम नकोसं नाव. तिथे तर उलटं, निंदेच्या आडून प्रेम. अनुस्वार सरांच्या व्याजस्तुतीचा दुसरा प्रकार. म्हणजे आमच्या म्हाताऱ्या अलंकार वापरत होत्या हो मास्तर, तेही पाळण्याशेजारीच.

निवृत्त_हेडमास्तर
मान्य. एक गुण वाढवून दिला.

गुरुकुंजवासी
मग आमच्या राष्ट्रसंतांचंच घ्या. यावलीला जन्मले १९०९ साली, नाव माणिक. आडकोजी महाराजांनी केलं तुकड्या. माणकाचा तुकडा केला म्हणून कोणी रडलं का? पुढे तुकड्यादास म्हणून तेच भजनात घातलं त्यांनी.

आणि मातीचं नाव म्हणून ज्यांना खटकतं, त्यांनी गाडगेबाबा आठवावे. शेणगावचे डेबूजी. जगानं ठेवलेलं नाव गाडगे, हातातल्या मातीच्या गाडग्यावरून. गाडगं मृण्मयच की! दर्यापुरात बसून मातीच्या नावाला हसणं म्हणजे कमाल आहे.

सावंगीची_लेक
बारशावरून आठवलं, डेबूजींनी लेकीच्या बारशाला दारू-मटणाचा रिवाज मोडून गोडाचं जेवण घातलं होतं. पाहुण्यांनी तेव्हा काय काय म्हटलं असेल! तिथे नक्की कोणीतरी म्हणालं असेल, “मोठं कौतिकाचं बारसं हाय.”

अनुस्वार
अनुमान. आणि ‘मृन्मय’.

सातारची_सून
थांबा, थांबा. काल नवीन घडलं.

ह्यांनी वैतागून आत्याबाईंनाच विचारलं. त्या तुरीच्या शेंगा सोलत होत्या, मान वर केली नाही. म्हणाल्या, “म्या कौतिकाचं म्हनलं. कौतिक थोडीच केलं?” आणि सोललेले दाणे सुपात पाखडायला लागल्या.

ह्यांना वाटतंय वाद मिटला, कारण आत्या हसल्या. मला वाटतंय वाढला. ‘कौतिकाचं नाव’ आणि ‘नावाचं कौतिक’ यात हा जो ‘-चं’ आहे, त्याचं काय करायचं?

कोथरूडकर
षष्ठी आहे. संबंध दाखवते.

पळसाचं_पान
धन्यवाद. आता सगळं स्पष्ट झालं.

निवृत्त_हेडमास्तर
नाही, प्रश्न चांगला आहे. शोभेची वस्तू म्हणजे शोभणारी नव्हे, फक्त शोभेसाठी ठेवलेली, कामाची नव्हे. हौसेचं घोडं, चैनीची गाडी, शोभेची कुंडी. या ‘-चं’ मध्ये ‘आणि एवढंच’ असं दडलेलं असतं. ‘कौतिकाचं नाव’ म्हणजे कौतुक करायला ठीक, हाक मारायला नाही. पुढचं ढोराचं वाक्य त्याचीच फोड. म्हणजे पहिलं वाक्य स्तुती आणि दुसरं टोमणा असं नाहीच. पहिल्यातच दोन्ही होतं, दुसऱ्यात उदाहरण दिलं.

सावंगीची_लेक
मास्तर, पण मग ‘कौतुकाची नात’? साताऱ्यात ती फक्त कौतुकासाठी ठेवलेली नात होत नाही.

निवृत्त_हेडमास्तर
आजीच्या घरी नात काय काम करते? कौतुकासाठीच असते.

सातारची_सून
आई हे वाचतेय. ती म्हणते, मास्तरांना सांग, मी आठव्या वर्षी विहिरीवरून दोन कळशा आणायचे.

हिंदीवाला_नागपूर
माझ्या हिंदीच्या मुद्द्याकडे कोणी परत येणार आहे का?

वऱ्हाडी_ठसका
नाई. ताई, आता एक खरं सांगा, पोरीले हाक काय मारता घरात?

सातारची_सून
आम्ही मृणू. आत्याबाई ‘मुन्नी’. शेजारच्या काकू ‘मई’. परवा आत्याबाईंनी मुन्नी म्हणून हाक मारली आणि ती वळली, आमच्या हाकेला वळत नाही.

वऱ्हाडी_ठसका
झालं मंग. ढोर वाचलं.

कोथरूडकर
एक विचारू? हे पऱ्हाटी म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काड्या ना? मग त्यात गुरं घुसली तर नुकसान काय?

वऱ्हाडी_ठसका
अरे बाप्पा.

पळसाचं_पान
उभं पीक म्हणजे पऱ्हाटी. हिरवी, बोंडं लागलेली. वेचणी संपून उपटल्यावर त्या पऱ्हाट्या, चुलीत जातात.

सावंगीची_लेक
आमच्याकडे उभी असो की उपटलेली, पऱ्हाटीच. एकवचनच.

पळसाचं_पान
एकवचन कसं? भारा बांधताना “पऱ्हाट्या आन” म्हणतात.

गुरुकुंजवासी
त्या तुराट्या. तुरीच्या काड्या. पऱ्हाटीची गोष्ट वेगळी.

पळसाचं_पान
तुराट्या मला माहीत आहेत हो, कुडाला लावतात. मी पऱ्हाट्याच म्हणतोय.

अनुस्वार
पऱ्हाटीचा र अर्धा लिहिताना कोणत्या पद्धतीने लिहावा, यावर स्वतंत्र धागा काढावा.