जमिनीच्या आरोग्याचं ट्रेनिंग कृषी सहायकाला द्यायचं का कृषी केंद्रवाल्याला?

काळीभोर (धागाकर्ता):
मंडळी, मागच्या महिन्यात आमच्याकडं जमीन आरोग्यावर दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं, कृषी सहायक आणि आम्ही दहाबारा 'प्रगतशील' शेतकरी. एसी हॉल, पीपीटी, सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या काडीकचऱ्यातून मातीत येणारा कार्बन) अर्ध्या टक्क्याच्या खाली गेला की कमी धरायचा हे चौघांनी चार वेळा सांगितलं, सही, समोसा, ग्रुप फोटो. दोन दिवसांत एक ढेकूळ कुणी हातात घेतलं नाही. माझं मत, हा खर्च दुकानदारांवर करा. खरं सांगा, सोयाबीन पिवळं पडलं की पान खिशात घालून पहिले कुठं जाता? कृषी केंद्रातच ना! मग आपण ज्याला डॉक्टर मानलाय त्यालाच शिकवा की.

बांधावरून:
चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या 😀 माझंच सांगतो. पान दाखवलं, पठ्ठ्यानं झिंक, ह्युमिक आणि एक टॉनिक असं बावीसशेचं बिल फाडलं. नवीन पानं पिवळी आणि शिरा हिरव्या होत्या, म्हणजे लोह. नंतर एका जाणत्यानं माझ्याच मातीवर पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडचे दोन थेंब टाकले तर सोडा फोडल्यासारखी फसफसली, चुनखड! लोह मातीत आहे पण पिकाला मिळत नाही. आता हे दुकानदाराला शिकवलंत तर तो पुढच्या वेळी झिंकसोबत फेरस (लोहाचं खत) पण विकेल, एवढाच काय तो फरक.

खतवाला_दादा:
राग नाही, तो चोर मीच 🙏 देसी डिप्लोमा केलाय मी, खत-बियाणं विकणाऱ्यांसाठीचा. हैदराबादच्या मॅनेज संस्थेनं २००३ ला काढलेला, ४८ आठवड्यांचा, आठवड्याला एक दिवस, ४० वर्ग आणि ८ शेतभेटी. वर्गातलं निम्मं विसरलो, खोटं कशाला बोलू, पण शेतभेटी नाही विसरलो. इंग्रजी व्ही सारखा वीतभर खड्डा, शेतात आठदहा ठिकाणी, माती गोणपाटावर ओतायची, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन फेकायचे, अर्धा किलो उरेपर्यंत हेच. त्याआधी मी गिऱ्हाइकाला "आणा मूठभर बांधावरची" म्हणायचो!! आणि माती तपासणीच्या सरकारी कार्डावर लिहिलेलं असतं हेक्टरी ६० किलो स्फुरद (फॉस्फरस), शेतकरी विचारतो गोण्या किती. हेक्टरी ६० म्हणजे एकरी २४, डीएपीच्या ५० किलोच्या गोणीत २३ किलो स्फुरद, म्हणजे एकरी एक गोणी झाली, आणि त्यातच ९ किलो नत्र आलं म्हणून युरिया तेवढा कमी करा. हे काउंटरवर उभं राहून कोण सांगतं? मीच ना. फक्त एक आहे, "यंदा काही टाकू नका" म्हटलं की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं, वर माझी उधारी पण तिकडंच बुडते 😅

नावाचा_सहायक:
बोलू का? गावं माझ्याकडं किती आणि कामं किती ते मोजा आधी. पंचनामे, पीक विमा, ऑनलाइन अर्ज, त्यात माती. २०१५ ला कार्ड योजना आली तेव्हा नमुना शेतकऱ्यागणिक नव्हता, ग्रिड होतं, म्हणजे शिवाराचे चौकोन पाडून चौकोनाला एक नमुना, बागायतीत अडीच हेक्टरला एक आणि जिरायतीत दहा हेक्टरला एक. म्हणून शेजाऱ्याचं आणि तुमचं कार्ड सारखंच, आणि शिव्या मला. हॉलमधल्या ट्रेनिंगबद्दल मात्र धागाकर्त्याशी शंभर टक्के सहमत, आम्हालाही कंटाळा येतो हो. पण म्हणून दुकानदार? सरकारी माणूस निदान काही विकत तरी नाही.

पाचट_जाळू_नका:
शिरोळकडचा आहे, आमच्याकडं तुमचं दोघांचंही ट्रेनिंग उपयोगाचं नाही. कार्डावर १२ तपासण्या असतात, सामू (पीएच) आणि क्षारता पण येते, पण पाणी किती फुटावर उभं आहे ते कुठं येतं? उसाला पाट सोडून झोपायचं, वर्षानुवर्षं, मग क्षारांचा पांढरा थर. तीन फूट खड्डा घ्या, पाणी दिसतं. ते पाणी काढायला जमिनीखालून सच्छिद्र पाइप घालायचा तर निचरा शेजाऱ्याच्या रानातून काढावा लागतो आणि शेजारी म्हणतो माझ्यातनं नको. आख्ख्या शिवाराला एकत्र बसवून शिकवा, एकट्याला शिकवून काय होणार.

काळीभोर:
@पाचट मान्य, पण तुमचा प्रश्न पाण्याचा आणि भाऊबंदकीचा जास्त आहे, आमच्या जिरायतीत तो नाही. @बांधावरून तुमचे बावीसशे गेले ते न शिकलेल्या दुकानदारामुळं, शिकलेल्यामुळं नाही.

बांधावरून:
शिकलेला जास्त सफाईनं विकतो साहेब. जो लिहून देतो त्यानंच विकायचं नाही, एवढा एक नियम करा, मग द्या कुणालाही ट्रेनिंग.

खतवाला_दादा:
नियम येईल तेव्हा येऊ द्या. परवा रविवारी दुकान बंद, धागाकर्ते जवळचेच दिसताय तर तुमच्याच रानात नमुना काढू, सहायक साहेब पण या. पेरणीआधीचंच रान हवं, खत टाकलेलं नको. खड्डा फावड्यानं चालेल पण माती लाकडाच्या चिपेनंच खरवडायची, नाहीतर गंजाचं लोह रिपोर्टात येतं आणि मग बांधावरून भाऊ मलाच धरतील 😄