‘पवित्रीकरण’ म्हणजे धुणं की वाहणं?

आमच्या अभ्यासगटात बायबलमधलं ‘प्रेषितांची कृत्ये’, अध्याय २६ चालू आहे. पौल अग्रिप्पा राजासमोर आपली हकिकत सांगतो, तिथे १८ व्या वचनात येशूच्या तोंडी विश्वासाने पवित्र झालेल्या लोकांचा उल्लेख येतो. वाचन संपल्यावर एका ताईंनी विचारलं, “मी वीस वर्षं विश्वासात आहे. राग अजून तसाच येतो. मग मी पवित्र झालेली आहे, की अजून व्हायची आहे?” उत्तर देता देता लक्षात आलं, की पवित्र, शुद्ध, निर्मळ, नीतिमान हे चारही शब्द मी एकाच अर्थाने फिरवतोय. ताईंना काही धड सांगता आलं नाही आणि ते मनाला लागून राहिलंय. ‘पवित्र’चा नेमका अर्थ काय? आणि ‘पवित्रीकरण’ कसा बनला?

प्रतिसाद

गोंधळ आपल्या शब्दातच आहे. ‘पू’ म्हणजे शुद्ध करणे, त्याला ‘इत्र’ लागून ‘पवित्र’ झाला. मुळात हे शुद्ध करण्याच्या साधनाचं नाव. सोमरस गाळायची लोकरीची गाळणी, तिला वेदांत पवित्र म्हणतात. त्यामुळे मराठी कानाला या शब्दात गाळणं, धुणं, मळ काढणं ऐकू येतं.

बायबलमधला हिब्रू शब्द ‘कादोश’ दुसऱ्याच वाटेने येतो. त्याच्या मुळाशी आहे वेगळं काढणं, देवाच्या मालकीचं करणं. या धातूचं क्रियापद बायबलमध्ये पहिल्यांदा येतं ते उत्पत्ती २:३ मध्ये, सातव्या दिवसासाठी. दिवस धुता येत नाही, त्याला मळही नसतो. देवाने तो सहा दिवसांतून वेगळा काढला, इतकंच. पुढे जळत्या झुडपापाशी मोशेला जोडे काढायला सांगितलं जातं, कारण भूमी पवित्र आहे. माती तर कालचीच, तिच्यावरून रोज मेंढरं गेली असतील. पवित्र झाली ती देव तिथे आला म्हणून. शुद्ध या अर्थी हिब्रूत ‘ताहोर’ हा निराळा शब्द आहे. ग्रीकमध्येही ‘हागिओस’ वेगळा आणि ‘काथारोस’ वेगळा. आपण दोन्हींकडे ‘पवित्र’ची एकच पाटी लावली, तर अडखळायला होणारच.

माझ्या मते ‘कादोश’ला सगळ्यात जवळचा मराठी शब्द ‘वाहिलेला’. फूल वाहतो, तसं. वाहिलेलं फूल परडीत परत येत नाही. योहान १७ पाहा. १९ व्या वचनात येशू तेच ग्रीक क्रियापद स्वतःसाठी वापरतो. त्याच्यात धुऊन काढण्यासारखं काही नव्हतं, म्हणून आपल्या भाषांतरकारांनी तिथे ‘समर्पित’ घेतलं. प्रभूच्या प्रार्थनेत ‘तुझे नाव पवित्र मानले जावो’ म्हणतो, तिथेही क्रियापद तेच. देवाचं नाव कोण धुणार?

प्रतिसाद

‘वाहिलेला’ फार आवडला, पण दोन शंका आहेत. एक, स्वतःला वाहून घेणारा माणूस स्वतःच कर्ता असतो, मग ‘विश्वासाने’ कुठे राहिलं? दुसरी, नुसतं वेगळं काढणं म्हटलं की वागणुकीचा अर्थ सुटतो. लेवीय १९ मध्ये ‘पवित्र असा’ म्हटल्यावर पुढे काय येतं? शेताच्या कडा गरिबांसाठी सोडा, मजुराची मजुरी रात्रभर ठेवू नका, बहिऱ्याला शिव्या देऊ नका, तराजू खरा ठेवा. हे सोवळं नव्हे. हा रोजचा व्यवहार आहे.

प्रतिसाद

दुसरी शंका पूर्ण मान्य. माझं म्हणणं क्रमाबद्दल आहे: आधी वाहणं, मग धुणं. जे देवाचं झालं ते देवासारखं व्हायला लागतं. जखऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात याचं सुंदर चित्र आहे. महायाजकाच्या कपाळावरच्या सोन्याच्या पट्टीवर ‘परमेश्वरासाठी पवित्र’ अशा अर्थाची अक्षरं कोरलेली असत. जखऱ्या म्हणतो, तीच अक्षरं एक दिवस घोड्यांच्या घंटांवर येतील आणि यरुशलेमेतलं प्रत्येक भांडं पवित्र होईल. कपाळावरून स्वयंपाकघरापर्यंत! मला हे वचन वाचताना दर वेळी भरून येतं.

पहिल्या शंकेचं उत्तर ‘पवित्रीकरण’च्या घडणीतच आहे. संस्कृतात ज्याला च्वी प्रत्यय म्हणतात, तो इथे आहे: जे तसं नव्हतं ते तसं करणं. शिवाय शब्द ‘करण’ आहे, ‘भवन’ नाही. करणारा कोणीतरी हवा, आणि ख्रिस्ती समजुतीत तो देव आहे, पवित्र आत्मा आहे. ‘विश्वासाने’ मधली तृतीया ‘साबणाने धुतलं’ मधली धरू नका, ‘हाताने घेतलं’ मधली धरा. विश्वास हा घेणारा हात. देणारा दुसरा आहे.

ग्रीकमध्येही असाच भेद दिसतो. पहिले थेस्सलनीकाकर ३:१३ मध्ये ‘हागिओसिने’ म्हणजे पावित्र्य, गुण. तिथून तीनच वचनं पुढे, ४:३ मध्ये, ‘हागिआस्मोस’ म्हणजे पवित्रीकरण, चालू असलेलं काम.

मूळ प्रश्नकर्ता

म्हणजे ताई ‘झालेल्या’ की ‘होत असलेल्या’?

प्रतिसाद

दोन्ही, आणि हे मी समजूत काढायला म्हणत नाही. इब्री १०:१० मध्ये ग्रीक रूप पूर्ण झालेल्या क्रियेचं आहे: आपण पवित्र केलेले आहोत. चारच वचनांनी, १०:१४ मध्ये, त्याच क्रियापदाचं चालू रूप येतं: पवित्र होत असलेले. करिंथच्या मंडळीतल्या लोकांचं पाहा. पौल पहिल्याच पत्राच्या सुरुवातीला त्यांना ख्रिस्तात पवित्र केलेले म्हणतो आणि मग त्यांची गटबाजी, कोर्टकचेऱ्या, प्रभुभोजनातला स्वार्थ यांवर कडक शब्दांत लिहितो. आधीचं संबोधन मात्र मागे घेत नाही. ताईंना हेच पत्र वाचायला द्या.

मंडळ्यांमध्ये यावर एकमत नाही, तेही त्यांना सांगावं. वेस्टमिन्स्टरच्या १६४७ च्या प्रॉटेस्टंट लघु प्रश्नोत्तरीत नीतिमान ठरवणं ही देवाची एक कृती म्हटली आहे, पवित्रीकरण हे त्याचं कार्य. न्यायाधीशाचा निकाल एकदाच लागतो; मुलाला वाढवायला वर्षं जातात. १५४७ मध्ये कॅथलिक मंडळीच्या ट्रेंट परिषदेने मात्र पवित्रीकरण त्या नीतिमान ठरण्यातच धरलं. मेथडिस्ट चळवळीच्या जॉन वेस्लीला वाटे, की प्रीतीची पूर्णता याच आयुष्यात मिळू शकते. त्याच्याशी मी पूर्ण सहमत नाही, पण देव एवढं करू शकतो हा त्याचा भरवसा मला हवासा वाटतो.

प्रतिसाद

जाता जाता: ‘सेंट’ आणि ‘संत’ सारखे ऐकू येतात, पण नातं नाही. ‘सेंट’ लॅटिन ‘सांक्तुस’वरून, म्हणजे पवित्र केलेला, ‘संत’ हा ‘सत्’वरून. पौल ‘पवित्र जन’ म्हणतो तेव्हा मंडळीतले सगळेच येतात, रागीट ताईसुद्धा.

मूळ प्रश्नकर्ता

रविवारी इब्री १० घेतो. फळ्यावर ‘पवित्रीकरण’ लिहिताना ‘त्री’ दीर्घच ना?

प्रतिसाद

दीर्घच. तोच तो च्वी.