इंजिनात मोटर-बोगी जोडायला सिलिकॉन नळी? माझा ठाम विरोध

रूळ_सोडून:
स्पष्टच लिहितो, मॉडेल रेल्वेच्या डिझेल इंजिनात मोटरचं फिरणं बोगीकडे (इंजिनाखालच्या वळत्या चाकांच्या चौकटीकडे) न्यायला नळी लावणं आता बंद करा राव. माझं जुनं एचओ मापाचं इंजिन (१:८७) वळण आलं की रूळ सोडायचं, मी रूळ बदलले, चाकांचं गेज (दोन चाकांमधलं अंतर) मोजलं, वजन वाढवलं, सगळं झालं, शेवटी बॉडी काढून बोगी हाताने वळवली आणि सोडली तर पठ्ठी आपोआप सरळ! नळी स्प्रिंगसारखी तिला मागे रेटत होती, म्हणून बाहेरच्या बाजूचं पुढचं चाक रुळावर चढायचं. कप-बॉलवाले युनिव्हर्सल जॉइंट (तिरक्यातही फिरणारे सांधे) टाकले, त्यात मधला शाफ्ट (फिरता दांडा) कपात मागेपुढे सरकतो, बोगी मोकळी वळते. विषय संपला.

वर्मावर_बोट:
विषय तुमच्यासाठी संपला असेल. नळी जाड होती ना? आणि दोन शाफ्टच्या टोकांमध्ये अंतर किती सोडलं होतं? रबराला वाकायला जागाच दिली नाही तर ते ताठच राहणार, मग दोष नळीचा की लावणाऱ्याचा? मॉडेल स्टीम इंजिनात गिअरबॉक्स फारसा हलत नाही, मोटर जराशी तिरकी असते, तिथे पातळ नळीसारखं सुख नाही. आवाज नाही काही नाही. तुमचे जॉइंट म्हणजे डब्यात खडे हलवल्यासारखं.

रूळ_सोडून:
खडे वाजतात कारण लोक फोर्क (जॉइंटचे दुबेळके भाग) कसेही बसवतात. एकच जॉइंट तिरका चालला की पुढचा शाफ्ट एका फेऱ्यात दोनदा जोरात आणि दोनदा हळू फिरतो, दुसरा जॉइंट हे निस्तरतो पण कधी, तर मधल्या शाफ्टचे दोन्ही फोर्क एका रेषेत आणि दोन्हीकडचे कोन सारखे असले तरच. आणि नळीत वर्मचं (स्क्रूसारख्या गिअरचं) तेल शिरलं की सिलिकॉन फुगतं, मग मोटर गरगर आणि इंजिन जागेवर, ते नाही सांगितलंत!

वर्मावर_बोट:
तेल थेंबभर घालायचं असतं भाऊ, फोडणीला नाही. तुमच्या कपांचंही सांगा की. २.४ मिमी शाफ्टवर २ मिमी भोकाचा कप ठोकून बसवतात, काही दिवसांनी चीर जाते. अ‍ॅसिटलला (कपाच्या प्लास्टिकला) गोंदही धड धरत नाही. माझे दोन गेलेत असे.

गप्प_वाचक:
मध्येच विचारतो, माझं इंजिन पुढे मस्त जातं, रिव्हर्सला कुरकुरतं. जॉइंटच आहेत.

रूळ_सोडून:
दिशा बदलली की वर्म दुसऱ्या बाजूला सरकतो. शाफ्ट लांब असेल तर कपाच्या तळाला टेकून मोटरच्या बेअरिंगवरच दाब देतो. सरकायला थोडी जागा आहे का बघा.

वर्मावर_बोट:
हे मात्र बरोबर. वर्मच्या टोकाला वॉशर आहेत का तेही बघा, नसतील तर तो नको तेवढा सरकतो.

गप्प_वाचक:
वॉशर आहेत. शाफ्ट घासून १ मिमी कमी केला, कुरकुर गेली! पण काढताना एका कपाला केसाएवढी चीर दिसली. आता?

वर्मावर_बोट:
नळी.

रूळ_सोडून:
नवा कप. आधी कॅलिपरने शाफ्ट मोजा. नळी बिलकूल नको.