केळीचं पाणी आणि घडाचं वजन, कोरिलेशन ०.०९ येतंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी रावेर तालुक्यातला, स्टॅट्सचा प्रोजेक्ट घरच्याच केळीवर केलाय. ८ ओळी, प्रत्येक ओळीच्या ठिबकला वेगळा कॉक, झाडाला रोज ८ लिटरपासून २९ लिटरपर्यंत ३-३ लिटरनं वाढवत पाणी, ओळीतली ५-५ झाडं धरून ४० घड काट्यावर तोलले. एक्सेलमधे पिअर्सनचा सहसंबंध (कोरिलेशन, म्हणजे दोन गोष्टी किती सोबत वाढतात-घटतात याचा -१ ते १ मधला आकडा) काढला तर फक्त ०.०९. सर म्हणाले संबंध नाही असं लिहून टाक. पण ग्राफ काढला तर कमी पाण्यात घड लहान, १७-२० लिटरला चांगले भरलेले, आणि पुढं परत लहान, वडील तर कधीचे सांगताय की काळ्या जमिनीत पाणी जास्त झालं की मुळ्या सडतात. मग संबंध नाही कसं लिहू? त्याऐवजी स्पिअरमनचा सहसंबंध वापरू का? आणि एक झाड वाऱ्यानं मोडलं, त्याचा घड कच्चाच काढला, ७ किलो, तो ठेवू की काढू?

प्रतिसाद: भाऊ, ग्राफ काढला हे फार चांगलं केलं. पिअर्सनचा आकडा फक्त सरळ रेषा मोजतो, तुझा ग्राफ टेकडीसारखा आहे, चढाची बाजू आणि उताराची बाजू एकमेकींना खाऊन टाकतात. अॅन्सकोम नावाच्या संख्याशास्त्रज्ञानं १९७३ मधे चार डेटासेट दाखवले होते, चारींचा सहसंबंध ०.८१६ च्या आसपास, आणि त्यातला एक चक्क वक्र. स्पिअरमननं काम होणार नाही, तो क्रमांकावर चालतो पण त्यालाही एकाच दिशेनं चढ किंवा उतार लागतो. रिग्रेशनमधे (पाण्यावरून वजनाचा अंदाज देणारं समीकरण) पाणी आणि पाण्याचा वर्ग दोन्ही टाक, म्हणजे वक्र बसेल, एक्सेलच्या ट्रेंडलाइनमधे पॉलिनॉमियल, ऑर्डर २. मोडलेल्या झाडाचं कारण वारा, पाणी नाही, म्हणून काढ पण तसं स्पष्ट लिही, आणि ठेवून काय येतं तेही दे.
मला काळजी दुसरीच आहे. पाणी ओळीला दिलंय, झाडाला नाही, म्हणजे खरी निरीक्षणं ४० नाहीत, ८ आहेत. ओळीची सरासरी काढून बघ. आणि कोणत्या ओळीला किती पाणी हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं होतं का?

मूळ धागाकर्ता: नाही हो, क्रमानंच दिलं. २६ आणि २९ लिटरच्या दोन्ही ओळी नाल्याकडच्या आहेत, तिथं पावसात तसंही पाणी साचतं. आता घडाचं वजन कॉकमुळं घटलं की नाल्यामुळं, हे कसं वेगळं करायचं? उद्या शेताचा नकाशा काढून टाकतो.